साडेनऊला सुटणारी शर्यत

सातारा,
जुलैचा दुसरा आठवडा

चि. मनू हिस,


फ्रान्समधल्या मेदॉकच्या मॅरेथॉनला तुझा नंबर लागला, हे वाचून फार बरं वाटलं. पोयाक गाव, जिरोंदचं रुंद पात्र, लाफितच्या वाड्याजवळून जाणारी वाट, सोंगं घेऊन धावणारे लोक, टेबलाटेबलावर वाइन, ३८व्या किलोमीटरला कालवं, सगळं अगदी चवीनं लिहिलंस. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस, की सुरुवात सकाळी साडेनऊला आहे. बाकीचं पत्र मी एकदा वाचलं, ती ओळ चारदा.

आपल्याकडे कुणी साडेनऊला मॅरेथॉन सोडत नाही. मुंबईची तर ऐन जानेवारीत असते, तरी पूर्ण अंतराचे लोक काळोखात सुटतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनच्या वेळी यवतेश्वरचा घाट धुक्यात असतो, तरी आम्ही उजाडता उजाडता मैदानावर हजर. तुझं गणित मांडून बघ. पाच-सव्वापाच तास धरलेस तर पोचायला पावणेतीन. त्यात तिकडची घड्याळं उन्हाळ्यात पुढे सरकवलेली असतात, त्यामुळे बोर्दोच्या बाजूला सूर्य माथ्यावर येतो तोच मुळी दुपारी दोनच्या सुमारास. म्हणजे तू सुटल्यापासून पोचेपर्यंत ऊन फक्त चढत जाणार, आणि शेवटचे दहा किलोमीटर, जिथं पाय आधीच बोलायला लागलेले असतात, नेमके भर उन्हात पडणार. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आहे, गारही असेल कदाचित. पण तयारी करायची ती तापलेल्या दिवसाची.

फोटोत दिसतात ते मळे किती देखणे! पण त्यात सावली शोध बरं. मेदॉकचे वेल जेमतेम कमरेएवढे, मांडव घातलेले नव्हेत, आणि खाली गोट्यागोट्यांची जमीन. ती खडी दिवसभर ऊन पिते आणि वेलींना ऊब देते, म्हणून तिथली द्राक्षं नीट पिकतात. वाइनवाल्यांना त्या खडीचं भारी कौतुक. तुला मात्र डोक्यावरून ऊन आणि पायाखालून धग.

आता तू म्हणशील, मावशी, मी साताऱ्याची, मला ऊन काय सांगतेस? हेच मला खोडून काढायचं आहे. तुला तिकडे जाऊन दोन वर्षं झाली. उन्हाची सवय जन्मानं मिळत नाही, ती कमवावी लागते, आणि थंड हवेत गेल्यावर काही आठवड्यांत उतरते. शिवाय सवय असली म्हणजे सगळं सोसतं असंही नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात मैदानावर झालेल्या कार्यक्रमात १४ माणसं उष्माघातानं गेली. सगळी आपल्याच मुलखातली, एप्रिल पाहिलेली. आणि ती धावत नव्हती.

धावणाऱ्याचं तर आणखी वेगळं असतं. त्याची शेगडी त्याच्या आतच पेटलेली असते. स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात तिच्यातला पाव हिस्सा, फार तर, तुला पुढे नेतो, बाकीची नुसती उष्णता होते. जितकं जोरात धावशील तितकी आतली आच मोठी. ती बाहेर काढायला घाम आहे, पण घाम नुसता गळून चालत नाही, तो वाळावा लागतो. आजीचा माठ आठव. मार्चमध्ये त्यातलं पाणी दाताला झोंबायचं आणि जुलैत तोच माठ, तेच पाणी, पण कोमट. समुद्र जवळ असला की हवा कधी कोरडी, कधी दमट, म्हणून नुसता तापमानाचा आकडा बघू नकोस, आर्द्रताही बघ. दमट दिवशी अंगावरून धारा लागतील आणि तुला वाटेल, घाम येतोय म्हणजे ठीक आहे. ठीक नसतं.

दोन माणसांची हकिगत सांगते. १४ जुलै १९१२, स्टॉकहोमचं ऑलिम्पिक. मॅरेथॉन शहरातून निघून सोलेंतुनाच्या खेड्यातल्या चर्चपर्यंत आणि परत. रम्य रस्ता, आजूबाजूला शेतं. दुपारी पावणेदोनला सोडली आणि पारा तिशीच्या पुढे. ६८ जण सुटले, निम्मेच पोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, लिस्बनमधला सुतार, यानं उन्हापासून कातडी वाचवायला अंगाला चरबी की मेण फासलं होतं. माठाला बाहेरून तेलरंग दिल्यासारखंच झालं ते. घामाला वाट उरली नाही. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. त्यालाही उन्हानं घेरलं. वाटेत एका घरच्या बागेत मंडळी बसली होती, तिथं तो थांबला, त्यांनी दिलेलं प्याला आणि कुणालाही काही न सांगता निघून गेला. स्वीडनमध्ये तो बेपत्ता धरला गेला. जपानमध्ये मात्र तो व्यवस्थित होता. शरमेनं पोळला असेल, पण पुढेही ऑलिम्पिक धावला, १९२०च्या हाकोने एकिदेन या रिले शर्यतीच्या उभारणीत त्याचा मोठा हात होता, आणि ९२ वर्षं जगला. १९६७ साली स्वीडिश लोकांनी त्याला बोलावून ती राहिलेली शर्यत पुरी करवून घेतली. वेळ नोंदली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि काही सेकंद. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती धावणाऱ्यानं केलेल्या सगळ्यात शहाण्या कामाची गोष्ट वाटते. बाग दिसली आणि तो आत शिरला.

तेव्हा माझं पहिलं सांगणं: त्या दिवशी वेळेचा हिशोब सोडून दे. सुटायच्या आधीच सोड, धावता धावता नाही. धावता धावता सोडणं कुणालाच जमत नाही, कारण तेव्हा मनगटावर आकडे दिसत असतात आणि शेजारचा मिकी माउस पुढे निघालेला असतो. मेदॉकला साडेसहा तासांची मुदत आहे, म्हणजे किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं. तुझ्या सरावाच्या वेगापुढे हे भरपूर आहे. म्हणून प्रत्येक टेबलापाशी चाल, अगदी पहिल्यापासून. पाय ताजे असताना चालायला लाज वाटते, तीच लाज आवर. पहिले १५ किलोमीटर बोलता येईल इतकंच धाव. उन्हाच्या शर्यतीत माणसं ३०व्या किलोमीटरला आडवी होतात, पण ती चूक त्यांनी ५व्या किलोमीटरला केलेली असते.

सराव असा कर. शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत दहा-बारा दिवस दुपारच्या वेळी तासभर सावकाश धाव. पहिले तीन-चार दिवस जीव नको होईल. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. अंग बदलतं ते तुझ्या लक्षात येईल. यातल्याच दोन-तीन दिवशी धावण्याआधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन कर. तासाभरात जेवढं उतरलं तेवढा साधारण तुझा घाम, मधे प्यालेलं पाणी त्यात धरून. हा आकडा माहीत असला की दुकानातल्या बाटल्यांवरच्या सल्ल्यांची गरज उरत नाही.

पाण्याबद्दल मात्र एक उलटी गोष्ट ऐक. ऊन आहे म्हणून ढसाढसा पीत सुटायचं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम खाली आलेलं निघालं, आणि त्यात भर होता तो वाटभर पाणी पीत गेलेल्यांचा. शर्यत संपवून वजन वाढलेलं असणं ही चांगली खूण नव्हे. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त. तहान लागेल तसं पी, थोडं मीठ पोटात जाऊ दे. पोटात घालण्याइतकंच पाणी डोक्यावर, मानेवर, हातांवर ओत. बर्फ मिळाला तर टोपीखाली ठेव. गळ्याशी एक ओला पंचा ठेव, रुमालापेक्षा तो बरा, पाणी धरून ठेवतो. आणि अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारख्या, आदल्या दिवशीही घेऊ नकोस. उन्हात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

आता वाइन. (हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस.) पिऊ नकोस असं सांगितलं तर तू ऐकणार नाहीस, आणि तिथं जाऊन टेबलाकडे न बघता निघून जाणंही वेडेपणाचंच. पण तिथलेच जाणकार चव कशी घेतात ते पाहिलं असशील: घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. तेच कर, कुणी नावं ठेवणार नाही. दारूनं पाणी उतरतं वगैरे आहेच, पण मला भीती त्याची नाही. उन्हात तुला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपलं काहीतरी बिघडतंय हे ओळखणारं डोकं, आणि वाइन नेमकं तेच आधी झोपवते. गिळायचा घोट मेडल गळ्यात पडल्यावर घे. कालवं आणि त्यानंतरचा स्टेक यांनाही हात जोड. रक्त सगळं कातडीकडे आणि पायांकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच उरतं, आणि ३८व्या किलोमीटरला कच्ची कालवं पचवायला तुझं पोट काही मालवणचं नाही.

नऊवारी नेसून धावायची कल्पना झकास आहे, पण नको. कासोटा धावायला सोयीचा, हे खरं. पण कमरेभोवती तेवढे वेढे म्हणजे वारा बंद, आणि भिजली की तीच साडी ओझं होते. वर टोपीखाली पाणी घालायचं तर खोपाही नको. नथ घाल हवी तर, चंद्रकोर लाव, आणि अंगात सैल, फिक्या रंगाचा, सरावात वापरलेला टीशर्ट. मांड्या काचतात तिथंच मलम लाव, सगळ्या अंगाला चोपडू नकोस. लाझारो आठवतोय ना?

सगळ्यात जास्त जपायचं ते हे. उष्माघात झालेल्याला तो झाल्याचं कळत नाही. आधी उन्हातच अंगावर शहारे येतात, मळमळतं, डोकं ठणकतं, मग माणूस चिडचिडा होतो, भलतंच बोलतो, सरळ रेषेत चालत नाही. म्हणून एकटी धावू नकोस, तुझ्या त्या रूममेटबरोबरच राहा, ती कितीही मागे पडली तरी. दर पाच किलोमीटरला एकमेकींकडे नीट बघा, काहीतरी विचारा. तू मनात सतराचा पाढा म्हण. हा काही डॉक्टरी उपाय नव्हे, पण सतरा नव्वे अडखळलं तर चाल, आणि सतरा त्रिक अडखळलं तर बस. तिचं बोलणं बरळल्यासारखं वाटलं तर तिचं काही ऐकू नकोस. सावलीत आडवी कर, स्वयंसेवकांना हाक मार, तिकडचा अँब्युलन्सचा १५ नंबर फिरव, आणि गाडीची वाट बघत बसू नकोस. आधी थंड करायचं, मग न्यायचं. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर त्यातच घालायचं. नसेल तर मिळेल ते पाणी अंगावर, बर्फ मानेला, काखेत, जांघेत, आणि वारा घालत राहायचं. मिनिटांचा खेळ असतो. तापाची गोळी यात काही कामाची नाही, हा ताप तसला नव्हे.

आणि आयोजकांनी शर्यत थांबवली तर चिडू नकोस. ७ ऑक्टोबर २००७ ला शिकागोत एकतीस अंशांवर पारा गेला आणि अर्ध्या वाटेवरच्या हजारोंना थांबवलं. लोक बोंबलले. मला विचारशील तर त्यांनी उशीरच केला.

बिबच्या मागे रक्तगट आणि रूममेटचा फोन नंबर लिही. पाच-सहा आमसुलं कुरियरनं पाठवते आहे, आदल्या रात्री भिजत घाल आणि सकाळी मीठ-साखर घालून पी, पण आधी सरावाच्या दिवशी पिऊन बघ, शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. उन्हातल्या सरावाचे वजनाचे आकडे ऑगस्टच्या शेवटी मला कळव, त्यावरून पाण्याचं ठरवू. आणि पोचलीस, किंवा कुठल्या बागेत शिरून बसलीस, तरी पहिला फोन आईला कर. मागच्या वेळी मला आधी केलास, ते ती अजून ऐकवते.

तुझी,
मावशी