आमच्याच रकान्यातली माणसं

मीरा रोडला राहून आम्ही मुलीला शाळेत न घालता वाढवलं. त्या निमित्ताने होमस्कूलिंगवाल्यांच्या गटांत आणि मेळाव्यांत बराच वावर झाला. तिथे शासनाला द्यायची निवेदनं तयार होतात आणि प्रत्येकाची सुरुवात ‘आम्ही होमस्कूलिंग करणारे पालक’ अशी असते. या ‘आम्ही’त कोण बसतं आणि कोण बाहेर उभं राहतं, ते सावकाश कळत गेलं.

१. बोलणारा एक असतो आणि राबणारा दुसरा. आमच्या घरात मुलीबरोबर दिवसभर बसली ती बायको; मेळाव्यात माइक यायचा माझ्या हातात. एकदा कुणीतरी विचारलं, मुलगी शेकडेवारी कशी शिकली? मी ‘मुलं अनुभवातून ज्ञान रचतात’ वगैरे सुरू केलं. मागच्या रांगेतून बायको म्हणाली, “भाईंदर स्टेशनबाहेरच्या सेलच्या पाट्यांवरून. हे तेव्हा ऑफिसात होते.” तेव्हापासून मी व्यासपीठावरची मंडळी बघतो आणि मनात विचारतो, यांची बायको कुठल्या रांगेत बसलीय?

२. कायद्यात आमचं नाव नाही, आणि ज्यांचं आहे ती माणसं मेळाव्याला येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य. पण ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा मात्र ठेवलेली नाही. होमस्कूलिंगला बंदी नाही, परवानगीही नाही. या फटीत आमची पोरं वाढतात. फट बुजेल या धास्तीनेच देशभरातले पालक एकत्र येत गेले, ‘स्वशिक्षण’सारखी संघटना उभी राहिली. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरी शिकण्याचा हक्क पहिल्यांदा कागदावर आला, पण तो तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी.

नवघर रोडला बायकोच्या ओळखीच्या एक ताई राहतात. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी. घर चौथ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मुलाचं वजन वाढलं, ताईंची कंबर गेली आणि शाळा सुटली. होमस्कूलिंग हा शब्द त्यांनी कधी स्वतःला लावलेला नाही. निवेदनावर जितक्या सह्या तितकं बरं, म्हणून मी कागद घेऊन गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला. मांडीवरच्या मुलाची लाळ पुसली आणि पुन्हा वरून वाचला.

“भाऊ, सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये, असं लिहिलंय तुम्ही.”

“हो ताई.”

“माझ्या घरात घालायला सांगा की. आठवड्यातून दोनदा कुणी शिकवायला आलं, तर मी जरा दळण तरी आणीन.”

सही काही झाली नाही. चहा झाला. आमची मागणी होती ‘सोडा आम्हाला’, आणि त्यांची होती ‘धरा आम्हाला’. दोन्ही एका कागदावर कशा मावणार, हे मला जिना उतरताना सुचेना. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

३. सरकारी यादीत आम्हाला शेजार फार निराळा आहे. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. आमच्या दारात आलेल्या शिक्षिकेने कन्येच्या शाळेचं नाव विचारलं, तेव्हा मी आमचं शैक्षणिक तत्त्वज्ञान उलगडू लागलो. बाईंच्या अजून दोन विंगा बाकी होत्या. त्यांनी अदबीने ऐकलं, ‘शाळाबाह्य’ लिहिलं आणि मुलीच्या बोटाला शाई लावली. तिला ती शाई फार आवडली. मत दिल्यासारखी ती दिवसभर बोट नाचवत हिंडली. आता त्याच यादीत वीटभट्टीवरची मुलं होती, सिग्नलवर फुगे विकणारी होती. त्याच आठवड्यात राज्य शासनाने जाहीर केलं होतं की जिथे गणित-विज्ञानासारखे विषय शिकवत नाहीत, अशा मदरशांतली मुलंही शाळाबाह्य धरली जातील. आमच्या घरापासून मुस्लिम वस्तीचं नया नगर चालत गेलं तरी लांब नाही. पुढच्या मेळाव्यात आमचा सगळा संताप एकाच गोष्टीवर होता: आपल्या मुलांना ‘त्यांच्यात’ मोजलं. त्या यादीतल्या कुणाला मेळाव्याला बोलवावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

४. आमच्या मेळाव्यांत होमस्कूलिंगचा अमेरिकन पुरस्कर्ता जॉन होल्ट फार येतो. मोठा माणूस, वाद नाही. त्याची पुस्तकं मीही अधोरेखित करून वाचली. पण मीरा रोडहून पश्चिम रेल्वेने डहाणूपर्यंत गेलं की पुढे कोसबाड आहे. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ नंतर तिथे गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. शाळेबाहेरच्या शिक्षणाचा एवढा थोर प्रयोग लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर झाला, आणि आम्ही बोस्टनच्या गोष्टी सांगत बसतो.

५. दहावी आली की गटातली आर्थिक उतरंड उघडी पडते. कुणी केंब्रिजची आयजीसीएसई खासगीरीत्या देतं, कुणी मुक्त विद्यालयाची एनआयओएस. आमच्या कन्येने स्टेट बोर्डाच्या दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला. केंब्रिजच्या एका विषयाच्या फीमध्ये तो अख्खा फॉर्म निघतो, वर पैसे उरतात. ‘स्टेट बोर्ड’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा जरा उतरतो, मग तो २०१६ ची गोष्ट सांगतो: मुंबईची मुलगी, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना संगणक ऑलिम्पियाडच्या पदकांवर थेट एमआयटीत गेली. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. आमची मात्र विरार लोकलने कॉलेजला जाते.

६. संघटना पालकांच्या असतात. मुलांचं म्हणणं मागाहून येतं. अमेरिकेत होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन १९८३ मध्ये स्थापन झाली. घरी शिकवणाऱ्या आईबापांनाही शिक्षकाचं प्रमाणपत्र लागेल अशी भीती १९९४ मध्ये एका विधेयकामुळे पसरली, तेव्हा तिच्या हाकेवर लोकांनी संसदेचे फोन जाम केले. एवढा तिचा वचक. आणि २०१३ मध्ये घरीच शिकून मोठ्या झालेल्या मुलांनी कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन काढली. तिचं मागणं उलटं: घरी शिकणाऱ्या मुलांवर कुणाची तरी नजर असू द्या. हे वाचून मी कन्येला भीतभीत विचारलं, तुला काय कमी पडलं? मी मोठ्या आरोपाच्या तयारीत होतो. ती म्हणाली, “आयकार्ड.” लहानपणी शेजारच्या पोराचं लाल फितीचं आयकार्ड उसनं मागून ती ते गळ्यात घालून सोसायटीच्या आवारात फिरायची म्हणे. बायकोला हे माहीत होतं.

७. आता निवेदनाच्या नव्या मसुद्यात मी एक परिच्छेद घातला आहे: ज्या घरांना शिक्षक हवेत, तिथे ते नियमित यावेत. त्यावर गटात खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आज शिक्षक आत घेतलात, उद्या त्याच दारातून तपासनीस येईल, मग काय कराल? भीती खोटी नाही. परवानगी नसलेल्या फटीत राहणाऱ्याला दारावरच्या प्रत्येक थापेने धडकी भरते. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “चहा टाकू.” परिच्छेद सध्या कंसात ठेवला आहे.