जेवणाचं बिल आधी वाचा, मग पाकीट काढा

दिवाळीच्या सुट्टीत मेणवलीला जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यातला राग काही उतरत नाही. गावाची यात काही चूक नाही, हे आधीच सांगते. पावसाळा नुकताच सरलेला, कृष्णेला भरपूर पाणी, घाटावर ऊन कोवळं आणि नाना फडणवीसांच्या वाड्यात भर दुपारीही गारवा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तिथली पोर्तुगीज घंटा इथे घाटावर टांगलेली आहे. तिच्यासमोरून सासरे हलायलाच तयार नव्हते.

बिघडलं ते जेवणाच्या वेळी. वाटेवरच्या एका हॉटेलात शिरताना दारातल्या माणसाला मी स्वतः विचारलं होतं, "मुलांचं काय?" तो म्हणाला, "अर्धी थाळी लावू, ताई." माझ्या जावेनेही हे ऐकलंय. जेवण बरं होतं. भरली वांगी तर चांगलीच होती.

बिल आलं. मुलांच्या थाळ्या पूर्ण लावलेल्या. खाली बारीक अक्षरात 'एस. सी. १०%'. त्याच्या खाली ५% जीएसटी, तोही सर्व्हिस चार्जसकटच्या रकमेवर. आणि वर जिथे जीएसटी नंबर छापलेला असतो, ती जागा कोरी. सरकारच्या नावाने पैसे मागायचे आणि नंबर द्यायचा नाही, हे बघूनच माझं डोकं फिरलं.

मी मॅनेजरला बोलावलं. प्रश्न मी विचारत होते आणि तो उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. "साहेब, सगळीकडे असंच असतं. एवढं फिरायला येता, मग थोडक्यासाठी कशाला?" शेवटी "बिल बदलून देतो" म्हणत त्याने पहिलं बिल उचललं. दुसरं आलं, त्यात सर्व्हिस चार्ज नव्हता. थाळीचा दर मात्र तेवढाच वाढला होता. बेरीज जवळपास तीच! माझ्याकडे मेन्यूकार्डाचा आणि पहिल्या बिलाचा फोटो होता, तो दाखवल्यावर मॅनेजरसाहेबांचा आवाज खाली आला. तरी पैसे पूर्ण परत मिळाले नाहीत, कारण सासऱ्यांना ताटकळत ठेवून भांडायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं. "जाऊ दे गं" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. असल्या हॉटेलांचा धंदा त्याच वाक्यावर चालतो.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा:

मेन्यूकार्डाचा फोटो ऑर्डर देण्याआधीच काढा. बिल परत देण्यापूर्वी त्याचाही काढा. दर बदलले तर हाच पुरावा.

सर्व्हिस चार्ज देणं न देणं ग्राहकाची मर्जी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हॉटेलांना तो आपोआप किंवा दुसऱ्या नावाने लावायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. "काढून टाका" असं स्पष्ट सांगा, विनंती करू नका.

जीएसटी लावला असेल तर नंबर बघा. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलांना तर ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मी केली आहे.

बाकी नेहमीचंच: गर्दीच्या दिवशी लवकर जेवा, पाणी जवळ ठेवा, सुट्टे पैसे ठेवा. आणि घरातली बाई बिल तपासत असेल तर तिला गप्प करू नका. शेजारी उभे राहा.