पायली कुठली, हे आधी विचारा

जुन्या माणसांना आठवत असेल. दशमान मापे येण्यापूर्वी पायली सगळीकडे होती, पण ती सगळीकडे सारखी नव्हती. एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारात कमीजास्त भरे. म्हणून भाताचा सौदा करणारा शहाणा शेतकरी आधी विचारी, "पायली कुठली?" लोकांना आरोग्याचे किती कळते हे मोजण्यासाठी कोणी प्रश्नपत्रिका घेऊन आपल्या धर्मग्रामात आले, तर त्यांनाही हाच प्रश्न विचारावा असे आम्हांला वाटते.

आरोग्य-साक्षरता म्हणजे नुसते लिहिता-वाचता येणे नव्हे. औषधाची चिठ्ठी समजणे, कोणत्या दुखण्याला कोठे जावे हे कळणे, डॉक्टरांना शंका विचारण्याचा धीर असणे आणि ऐकलेले घरी अमलात आणणे, हे सारे तीत येते.

ती मोजण्याची एक प्रसिद्ध चाचणी 1993 साली अमेरिकेत आटोपशीर स्वरूपात आली. रोग्यापुढे वैद्यकातले 66 शब्द ठेवायचे व ते मोठ्याने वाचायला सांगायचे. इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. तेव्हा जो शब्द बरोबर वाचतो त्याची त्या शब्दाशी ओळख असावी, असे धरता येते. स्पॅनिश भाषेत मात्र ही युक्ती चालेना, कारण तेथे जसे लिहिले तसेच वाचले जाते. म्हणून 2006 साली स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी निघाली. तीत 50 शब्द असून, शब्द वाचल्यावर त्याच्या अर्थाशी जुळणारा दुसरा शब्दही निवडावा लागतो.

आपली देवनागरी स्पॅनिशच्याच पंक्तीतली. चौथीतले पोर 'मूत्रपिंड' खडखडीत वाचील, पण ते शरीरात कोठे असते हे सांगू शकेलच असे नाही. उलट अक्षरओळख नसलेली आजी 'किडनी' म्हटले की लगेच पाठीकडे हात नेईल. वाचनाच्या चाचणीत पोर पास आणि आजी नापास! आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात तर एकाच बाकावर मराठी, कानडी आणि कोंकणी बोलणारी माणसे बसतात. एकाचा 'मधुमेह', दुसऱ्याची 'शुगर', तर तिसऱ्याची 'सक्करे कायिले'. छापील शब्द कळला नाही म्हणून रोग कळला नाही, असे कसे म्हणावे?

नुसत्या भाषांतराने हा पेच सुटत नाही. 'रिकाम्या पोटी घ्या' हे वाक्य सोपे दिसते. पण आपल्याकडे पुष्कळांच्या मते चहा घेतला तरी पोट रिकामेच असते. भाषांतर झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते मूळ भाषेत परत करवून ताडून पाहतात. त्यापुढे जाऊन, ज्यांच्यासाठी प्रश्न आहे त्या चारदोघांना बसवून "यावरून तुम्ही काय समजलात?" असे विचारावे लागते. हा टप्पाच बहुधा गाळला जातो.

काही प्रश्नावल्या माणसालाच विचारतात की अमुक गोष्ट तुम्हांला सोपी जाते की अवघड. 2011 साली युरोपातील आठ देशांत 47 प्रश्नांची अशी पाहणी झाली. पण भिडस्त समाजात, विशेषतः सिस्टर किंवा डॉक्टर समोर असता, "सोपे जाते" असे म्हणण्याकडेच कल असतो. ज्याला कधी इस्पितळाची पायरी चढावी लागली नाही, त्यालाही सारे सोपेच वाटते. म्हणून जाणकार एक कसोटी लावतात: दोन समाजांतील सारख्याच समजेच्या माणसांनी एखाद्या प्रश्नाला सारखीच उत्तरे द्यायला हवीत. ती सतत वेगळी येत असतील, तर खोट प्रश्नात आहे असे धरून तो दुरुस्त करावा किंवा काढून टाकावा.

आमच्या मते शेतकऱ्याची परीक्षा त्याच्या हातातल्या वस्तूवरच घ्यावी. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण घ्या. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. चार डबे मांडून "सर्वांत जहाल कोणते?" असे विचारले तर अक्षरशत्रूही उत्तर देऊ शकेल. मात्र दुसरा प्रश्न विसरू नये: "हिरवा त्रिकोण असेल तर तोंडाला फडके न बांधता फवारावे काय?" हिरवा हा पिकाचा रंग म्हणून निर्धोक समजणारा येथे सापडेल. हिरव्यातही विष असते, फक्त कमी.

घरच्या माउलीला जुलाबावरील क्षार-साखरेचे पाकीट द्यावे आणि करून दाखवायला सांगावे. मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागते. लहान पाकिटे 200 मिलिलिटरचीही मिळतात. ती घरातले कोणते भांडे उचलते, पाकिटावरचा आकडा पाहते किंवा कोणाला विचारते काय, सगळे पाकीट एकदम ओतते की चमचा चमचा, हे पाहावे. शेवटी उरलेल्या पाण्याचे काय करणार, हे तिच्याच भाषेत विचारावे. चोवीस तासांनंतर ते टाकून द्यायचे असते.