कॅनडा : अफाट भूमी आणि मोजकी शहरे

उत्तर अमेरिका खंडाचा वरचा भाग व्यापणारा कॅनडा हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने रशियाच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठा देश होय. त्याचा विस्तार सुमारे ९९ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिपटीएवढा आहे. लोकसंख्या मात्र २०२३ साली कशीबशी चार कोटींवर गेली. त्यातही सुमारे दोन-तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात. नकाशावर प्रचंड दिसणारा हा देश वस्तीच्या दृष्टीने पूर्व-पश्चिम पसरलेला एक अरुंद पट्टाच आहे. त्याची शहरे समजून घ्यायची तर हे अंतर आधी ध्यानात घ्यावे लागते.

राजधानी ओटावा हे मूळचे लाकडाच्या व्यापाराचे गाव. मोठ्या शहरांत मानासाठी चुरस लागली असता राणी व्हिक्टोरियाने १८५७ साली याची निवड केली. इंग्रजी व फ्रेंच भाषकांच्या सरहद्दीवरील ही जागा दोघांनाही चालण्याजोगी होती. पुढे १८६७ साली चार प्रांतांचे संघराज्य झाले. आज प्रांत दहा आहेत.

सेंट लॉरेन्स नदीतील बेटावर १६४२ साली वसलेले मॉन्ट्रियल दीर्घकाळ देशातील सर्वांत मोठे शहर होते. क्वेबेक प्रांताने १९७७ साली फ्रेंच भाषेचा कडक कायदा केला, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपला मुक्काम टोरांटोस हलविला आणि त्याच दशकात टोरांटो पुढे गेले. भाषेचा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेकच्या वेगळेपणाचा प्रस्ताव सव्वा टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने फेटाळला गेला.

पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांत १८७१ साली संघात आला तो रेल्वेच्या अटीवर. हा लोहमार्ग १८८५ साली पुरा झाला. त्यासाठी हजारो चिनी मजूर खपले. काम संपत आले तसा त्याच वर्षी चिनी आगंतुकांवर डोईपट्टीचा कायदा झाला.

या मार्गावरील विनिपेगची हकीकत विशेष बोधप्रद आहे. येथील रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात वरच्या अंगाचे बर्फ आधी वितळते, खाली पात्र गोठलेलेच असते. पाणी तुंबते आणि सपाट माळावर पसरते. १९५० च्या पुरात सुमारे एक लाख लोकांना शहर सोडावे लागले. पुढे प्रांताचे मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा कालवा खोदण्याचा आग्रह धरला. खर्च पाहून विरोधकांनी त्याला ‘डफचा चर’ म्हणून हिणविले. १९६८ साली तो पुरा झाला आणि १९९७ च्या महापुरात शहर वाचले. कालव्याच्या वरच्या अंगाच्या सेंट अगाथ गावात मात्र पाणी शिरले. संरक्षणाची रेषा कोठे आखावी हा प्रश्न तेथेही सोपा नव्हता.

कॅल्गरी व एडमंटन यांची भरभराट १९४७ साली एडमंटनजवळ सापडलेल्या खनिज तेलाने झाली. पलीकडे पॅसिफिक किनाऱ्यावर, सौम्य हवेचे व्हॅन्कुव्हर बंदर आहे. भारतीयांना ते एका कटू प्रसंगाने ठाऊक आहे. मायदेशाहून न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश, असा नियम १९०८ साली करण्यात आला होता आणि भारतातून तशी थेट बोट नव्हती. अंतराचाच असा कुलपासारखा उपयोग झाला. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाटा मारू’ ही आगबोट ३७६ प्रवाशांसह, बहुतांशी पंजाबी, तेथे पोहोचली. दोन महिने ती बंदरात अडवून ठेवली आणि मोजके लोक वगळता सर्वांना परत धाडले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर झालेल्या गोळीबारात अनेकजण मृत्युमुखी पडले.

आज टोरांटो महानगरातील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. ‘कोमागाटा मारू’च्या प्रवाशांना दिलेल्या वागणुकीबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली संसदेत क्षमा मागितली.