पट्टीवरचे सेकंद

चि. सायलीस,


बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून तू डार्करूम केलीस आणि जुना एन्लार्जरही मिळवलास, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण चार प्रकारचे रोल आणि तीन डेव्हलपर मागवायचा तुझा विचार आहे असंही ती म्हणाली, म्हणून लगेच लिहितोय.

एवढं काही घेऊ नकोस. वर्षभर एकच फिल्म, एकच डेव्हलपर, एकच पेपर. इलफर्डची एचपी ५ प्लस घे. ४०० स्पीडची आहे, उजेड मोजण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेते. डेव्हलपर डी-७६; कोडॅकचं हे सूत्र १९२७ पासूनचं, अजूनही उत्तम चालतं. त्यात तितकंच पाणी घातलं तर २० अंशांना या फिल्मला ११ मिनिटं लागतात. सगळंच बदलत राहिलीस तर निगेटिव्ह पातळ का आली, हे तुला कधीच कळायचं नाही.

उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी तापलेलं असतं. डेव्हलपर २० अंशांवर आणायला बर्फ रसायनात टाकू नकोस, त्याची बाटलीच बर्फाच्या पाण्यात ठेव. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही साधारण त्याच तापमानाचं असू दे. फिक्सरचा वेळ ठरवायला रोलच्या सुरुवातीचा तुकडा त्यात टाकून बघ: तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट. आणि प्रिंट नेहमी चिमट्यानेच उचल. डी-७६ सारख्या डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींची त्वचा बिघडते, आणि एकदा बिघडली की पुन्हा पुन्हा त्रास होतो.

आता खरं महत्त्वाचं. फोटो काढताना उजेड सावलीच्या भागावर मोजायला शीक, कारण सावलीतलं जे निगेटिव्हवर उमटलंच नाही, ते प्रिंटमध्ये आणता येत नाही. आणि प्रिंट काढताना टेस्ट स्ट्रिपची, म्हणजे वेगवेगळे सेकंद उजेड दिलेल्या पेपरच्या पट्टीची, कंजुषी करू नकोस. पट्टी आकाशावर नको, चेहऱ्यावर ठेव. तिच्यावर पुठ्ठा धरून तो पाच-पाच सेकंदांनी सरकव. ट्रेमध्ये पट्टी काळी पडायला लागली की घाबरून ती लगेच बाहेर काढायचा मोह होतो. तो आवर. पेपरच्या पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होऊ दे; अर्धवट डेव्हलप झालेला काळा रंग मातकट दिसतो. लाल दिव्याखाली निर्णय तर मुळीच घेऊ नकोस. ओली प्रिंट उजळ वाटते, वाळल्यावर थोडी गडद होते. पट्टी वाळव, खिडकीपाशी ने, मग सेकंद ठरव.

कुठे उजेड अडवायचा आणि कुठे जास्त द्यायचा, हे त्यानंतरचं काम, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्याच निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात पुसट ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह तीच, त्याचं मत बदलत गेलं. तुझंही बदलेल, म्हणून निगेटिव्ह जप. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेव, नाहीतर बुरशी धरते.

पहिली प्रिंट पाठवशील तेव्हा तिच्या सगळ्या पट्ट्याही पाठव. मागे पेन्सिलीने सेकंद, फिल्टर आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर लिहून. मला त्यांच्यावरच जास्त बोलायचं आहे.

तुझा,
मामा