पाने भरली म्हणजे अभ्यास झाला काय?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या बाई लिहायला जवळजवळ काही देत नाहीत. ‘घरी धडा मोठ्याने वाचून या’ एवढेच सांगतात. अशाने ती पुढे लातूरच्या चढाओढीत मागे पडणार नाही ना? आम्हा दोघांचे शिक्षणही बेताचेच. तिचे वाचन घ्यावे तरी कसे?
— एक पालक, औसा

उत्तर : आपली कैफियत आपल्या एकट्याची नाही. वहीची पाने भरली की अभ्यास झाला, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की वाचन हाही गृहपाठच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः केंद्र शासनाच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि तिसरी ते पाचवीस तो आठवड्यास फार तर 2 तास असावा, असेच सुचविले आहे. परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न हा दहावी-बारावीचा मामला. तो आठ वर्षांच्या पोरीच्या मागे आताच कशाला लावावा?

आपले शिक्षण बेताचे असले तरी हरकत नाही, कारण येथे ऐकणारा हवा आहे. भाकरी थापताना तिला शेजारी बसवून वाचू द्यावे, ती अडखळली तरी लागलीच टोकू नये, आणि शेवटी ‘मग पुढं काय झालं गं?’ एवढे विचारावे. औशाच्या बसस्थानकावर निलंगा, उमरगा या पाट्या तिच्याकडूनच वाचून घ्याव्यात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे, 1971 पासूनचे, जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

मात्र वर्षअखेरीसही साधे शब्द सुटेनात, किंवा पुस्तक ती नाकाशी धरू लागली, तर दटावण्याआधी बाईंना भेटावे आणि डोळे तपासून घ्यावेत.