पडद्यापलीकडील रुग्ण : मद्याच्या समस्येवरील ऑनलाइन उपचारांचा अनुभव



सालाबादप्रमाणे जमाखर्चाची पत्रके या अहवालात अन्यत्र दिलेली आहेतच. प्रस्तुत टिपणात मात्र ताळेबंदात ज्याची नोंद होत नाही, अशा एका विषयाचा विचार करावयाचा आहे. आम्ही वैद्यक शाखेचे नव्हे, हिशेब पाहणारे. तथापि मद्याच्या समस्येवर ऑनलाइन समुपदेशन घेणाऱ्या रुग्णांनी आम्हांस जे शिकविले, ते हितचिंतकांसमोर ठेवणे अगत्याचे वाटते.

दि. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. टाळेबंदीच्या त्या काळात आपल्या रुग्णालयानेही दूरध्वनी व व्हिडिओद्वारे समुपदेशन सुरू केले. पुढे बाह्यरुग्ण विभाग पूर्ववत झाला, तरी ही सोय चालू ठेवावी लागली. कारण व्यसनमुक्ती विभागाची पायरी कधीही न चढलेली माणसे येथे बोलू लागली होती. एका शिक्षकांनी विचारले, "बाहेरच्या बाकावर माझ्या विद्यार्थ्याचे वडील बसलेले असले तर?" एक गृहिणी केवळ लिहूनच संवाद साधीत, ही गोष्ट स्वतःच्या तोंडून उच्चारण्याचे त्यांस धैर्य होत नसे.

नेदरलँड्समधील टॅक्टस या संस्थेचा अनुभव असाच आहे. तेथे रुग्ण व समुपदेशक यांचा संपूर्ण संवाद संगणकावर, लेखी स्वरूपात होतो. किती घेतली, केव्हा, कोणाच्या संगतीत, याची रुग्ण रोज नोंद करतो आणि समुपदेशक ती वाचून उत्तर देतो. १५६ रुग्णांवरील या उपचाराचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पूर्वी कधीही उपचार न घेतलेल्या सुशिक्षित, नोकरदार व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, या मार्गाने पुढे येतात असे तेथे आढळले. आम्हांस ही पद्धत लगेच उमगली. रोजकीर्द लिहिल्यावाचून खतावणी होत नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत.

येथे आमच्या एका चुकीची प्रांजळ कबुली देणे आवश्यक आहे. सलग दोन भेटी चुकल्या की 'रुग्ण अनुपस्थित, प्रकरण बंद' असा शेरा मारण्याची आमची रीत होती. एका यंत्रमाग कामगाराचे प्रकरण असेच बंद झाले. काही महिन्यांनी ते पत्नीच्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी आले असता खिडकीशी थांबून म्हणाले, "साहेब, माझं नाव काढून टाकलंत का?" घर दोन खोल्यांचे, मुले अभ्यासाला बसलेली, म्हणून ते गच्चीवर जाऊन बोलत असत. पावसाळा लागला आणि ती जागा गेली. त्यांनी खिशातील वही पुढे केली. नोंदी थांबलेल्या नव्हत्या. त्या वाचावयाचे आम्हीच थांबविले होते.

उपचार मध्येच सोडणाऱ्यांचा वेगळा अभ्यास टॅक्टसच्या रुग्णांबाबतही झाला आहे. काहींस पद्धत मानवली नाही, काहींस उपचाराशी संबंध नसलेल्या घरगुती अडचणी आल्या, तर काहींनी पुरेशी सुधारणा झाली म्हणून थांबविले. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचेही मद्यपान घटले होते. अनुपस्थिती म्हणजे अपयश नव्हे, हा यातील मुख्य बोध.

त्यानुसार आता भेट चुकल्यास आम्ही स्वतः दूरध्वनी करतो, कारण कळेपर्यंत प्रकरण बंद करीत नाही. ज्यांना घरी एकांत नाही, त्यांच्यासाठी नोंदणी कक्षाशेजारची खोली सायंकाळी मोकळी ठेवली आहे.

मात्र एक इशारा द्यावयास हवा. रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास साधारण ६ ते २४ तासांत हातांस कंप, घाम, निद्रानाश सुरू होतो. पुढे झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी पडद्यावरील सल्ला पुरेसा नाही. रुग्णास तत्काळ रुग्णालयातच आणावे. मनाच्या आधारासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

हिशेबात न आलेली रक्कम आपण लगेच बुडीत खाती टाकीत नाही. आधी 'येणे' म्हणून दाखवितो आणि तगादा लावतो. न आलेल्या रुग्णासही तोच न्याय लावावा, एवढेच नम्र निवेदन.